अखबारनवीस होण्याची तालीम

बारावीचा निकाल लागला की आमच्या मोहल्ल्यांत एकच चर्चा सुरू होते. मुलगा पुढे काय करणार? डी.एड., आय.टी.आय., फार्मसी, कॉम्प्युटरचा एखादा कोर्स, नाहीतर मामूने आखातातून पाठवलेला व्हिसा. मुलगी हुशार असली तर शिक्षिका, फार तर डॉक्टर. या यादीत पत्रकारिता कधीच नसते. कुणी पोराने चाचरत तसे बोलून दाखवले, तर घरातले मोठे त्याच्याकडे असे पाहतात, जणू त्याने नाटक कंपनीत जाण्याची परवानगी मागितली आहे. ‘ते काम आपले नाही’ हे वाक्य ठरलेले.

हे वाक्य आले कुठून? आम्हाला ते इतिहासाच्या अज्ञानातून आलेले वाटते. कारण या देशात पत्रकारिता विद्यापीठात शिकवण्याचा जो पहिला ठोस प्रयत्न झाला, तो मुंबईत झाला नाही, पुण्यातही झाला नाही. तो झाला अलीगढला, १९३८ साली. त्या वेळी अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे कुलगुरू होते सर शाह मुहम्मद सुलेमान. हा माणूस अलाहाबाद उच्च न्यायालयाचा मुख्य न्यायाधीश होऊन गेलेला, फेडरल कोर्टाचा न्यायाधीश, आणि फावल्या वेळात आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादावर आक्षेप घेणारे शोधनिबंध लिहिणारा. त्यांच्या पुढाकाराने पत्रकारितेचा पदविका अभ्यासक्रम सुरू झाला. शिकवण्याची जबाबदारी रहम अली अल्-हाशमी या मुरलेल्या उर्दू पत्रकाराकडे होती. त्याआधी १९२० च्या सुमारास ॲनी बेझंटबाईंनी अड्यारच्या त्यांच्या राष्ट्रीय विद्यापीठात हा विषय शिकवून पाहिला होता. पण रीतसर पदविका म्हणून अलीगढचेच नाव पहिले घेतले जाते. तो अभ्यासक्रम १९४० मध्ये बंद पडला. दोन वर्षांचे आयुष्य. पुढच्याच वर्षी सर सुलेमानही अल्लाला प्यारे झाले. पत्रकारिता-शिक्षणाच्या पुस्तकांत या प्रयत्नाला एखादी ओळ मिळते. आमच्या स्वतःच्या भाषणांत आणि स्मरणिकांत तेवढीही मिळत नाही. सर सय्यद यांच्या नावाने जलसे करणाऱ्यांनी याचा विचार करावा.

अलीगढच्या आधी आमच्याकडे पत्रकारितेची शाळा नव्हती, पत्रकार मात्र होते. आणि त्यांनी फी भरली ती वेगळ्याच नाण्यात. दिल्लीचे मौलवी मुहम्मद बाकर हे दिल्ली कॉलेजात शिकलेले. त्यांच्या ‘दिल्ली उर्दू अखबार’ने १८५७ मध्ये बंडवाल्यांची बाजू घेतली आणि दिल्ली पडताच सप्टेंबरमध्ये इंग्रजांनी त्यांना ठार केले. हसरत मोहानी १९०३ मध्ये अलीगढहून बी.ए. झाले. त्या पदवीवर डेप्युटी कलेक्टरकी मिळाली असती. त्यांनी ‘उर्दू-ए-मुअल्ला’ हे मासिक काढले. १९०८ मध्ये त्यात इजिप्तमधील इंग्रजी धोरणावर टीका करणारा निनावी लेख आला. सरकारने लेखकाचे नाव विचारले. हसरत यांनी ते सांगितले नाही, जबाबदारी स्वतःवर घेतली आणि सक्तमजुरीला गेले. तुरुंगात जाते ओढले. दंडापायी त्यांच्या पुस्तकांचा दुर्मीळ संग्रह कवडीमोलाने गेला. त्याच वर्षी ‘केसरी’तील लेखांसाठी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला पाठवण्यात आले. हसरत टिळकांना राजकारणातील गुरू मानत. आमच्या शाळांतून टिळकांचा खटला शिकवला जातो, आणि शिकवलाच पाहिजे. त्याच वर्षी, त्याच कलमाखाली आत गेलेला हा दुसरा संपादक मात्र मराठी मुलांना फक्त एका गझलेपुरता ठाऊक असतो.

मौलाना आझाद तर कोणत्याही शाळेत गेले नाहीत. सारे शिक्षण घरी. १९०३ मध्ये, पंधरा वर्षांच्या वयात, त्यांनी ‘लिसानुस्सिद्क’ काढले. म्हणजे आज मुले दहावीला बसतात त्या वयात. १९१२ च्या जुलैत कलकत्त्याहून ‘अल-हिलाल’ निघू लागले आणि दोनेक वर्षांत त्याचा खप पंचवीस हजारांच्या पुढे गेला, असे मौलानांनी स्वतः नोंदवले आहे. १९१० चा प्रेस ॲक्ट म्हणजे जामिनाचा कायदा. आधी दोन हजारांचा जामीन मागा, तो जप्त करा, मग दहा हजारांचा मागा. ‘अल-हिलाल’ असेच १९१४ मध्ये बंद पाडले गेले. मौलाना मुहम्मद अली यांनी ऑक्सफर्डहून परतून १९११ मध्ये ‘कॉम्रेड’ काढले, ते इंग्रजीत, आणि नंतर दिल्लीहून उर्दूत ‘हमदर्द’. त्यांचीही गत तीच झाली.

या परंपरेचा आम्हाला अभिमान आहे. पण तिने आमच्या घराघरांत एक समज पेरली आणि ती अजून निघत नाही. पत्रकार म्हणजे जो जेलमध्ये जातो, ज्याची पुस्तके लिलावात निघतात, ज्याची बीवी उपास काढते. म्हणजे बुजुर्गांनी करायचे, शायरांनी करायचे. रोजीरोटीसाठी धडपडणाऱ्या शरीफ घरातल्या मुलाने नव्हे. उर्दूत या पेशाला सहाफत म्हणतात आणि तो शब्द उच्चारताना आवाज आपोआप खाली येतो. ज्या पेशाला फार मोठी इज्जत दिली जाते, त्यात मुलगा पाठवायला कुणी तयार नसते.

आणि मुलीचे तर नावच नको. त्यांच्यासाठी एक तारीख सांगून ठेवतो: जुलै १८९८. लाहोरहून ‘तहजीब-ए-निस्वाँ’ हे स्त्रियांचे साप्ताहिक निघाले. संपादक मुहम्मदी बेगम, घरात बसून शिकलेली बाई. नवरा सय्यद मुमताज अली प्रकाशक, बायको संपादक. आज सव्वाशे वर्षांनंतरही आमच्या बिरादरीत हा क्रम उलटाच सुचेल.

आता मुंबईकडे येऊ, कारण पत्रकारिता हा पेशा म्हणून, नोकरी म्हणून करणारे आमचे लोक प्रथम ठळकपणे दिसतात ते येथे. ‘बॉम्बे क्रॉनिकल’ १९१३ मध्ये फिरोजशहा मेहतांनी सुरू केले, पहिले संपादक बी. जी. हॉर्निमन. १९१९ मध्ये सरकारने हॉर्निमन यांना उचलून विलायतेला धाडले. त्यानंतर १९२० ते १९२४ या काळात संपादकाच्या खुर्चीत मार्माड्यूक पिकथॉल बसत होते. होय, तेच, कुरआनचे इंग्रजी भाषांतरकार. कुरआनचे ते भाषांतर १९३० साली प्रसिद्ध झाले. त्याआधी हा गृहस्थ मुंबईत रोज रात्री अग्रलेखाची प्रुफे तपासत होता, हे आमच्यातल्या किती जणांना माहीत आहे?

पिकथॉल यांच्यानंतर आले सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी. जन्म मुंबईचा, शिक्षण एल्फिन्स्टन कॉलेजात. १९१५ मध्ये ते ‘क्रॉनिकल’मध्ये रुजू झाले ते हॉर्निमन यांच्या हाताखाली. तेथेच शिकले, तेथेच वाढले, १९२४ मध्ये संपादक झाले आणि १९४९ मध्ये इंतकाल होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ पंचवीस वर्षे, संपादक राहिले. सविनय कायदेभंगात तुरुंगात गेले. अखिल भारतीय संपादक परिषदेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले. मुंबईच्या फोर्ट भागात त्यांच्या नावाचा रस्ता आहे. त्या रस्त्यावरून रोज शेकडो मुस्लिम तरुण कामाला जातात. पाटी वाचून हे ब्रेलवी म्हणजे कुणी पीरसाहेब असावेत असेच त्यांना वाटत असणार.

ब्रेलवींचा मोठेपणा आम्हाला वेगळ्याच गोष्टीत दिसतो. त्यांनी स्वतःचा पर्चा काढला नाही. दुसऱ्यांच्या भांडवलावर चालणाऱ्या, सर्व धर्मांच्या वाचकांच्या दैनिकात ते पगारी नोकर म्हणून शिरले आणि तेथे सर्वोच्च पदावर गेले. आझाद आणि हसरत यांचे अखबार आपले होते. ब्रेलवींचे सगळ्यांचे होते. आमच्या आजच्या मुलांना उपयोगी पडेल असा नमुना हा दुसरा आहे.

त्याच कचेरीत १९३५ मध्ये एक तरुण दाखल झाला: ख्वाजा अहमद अब्बास. पानिपतचा, मौलाना हालींच्या खानदानातला. त्याची वाट पाहण्यासारखी आहे. १९३३ मध्ये अलीगढहून बी.ए. झाल्यावर दिल्लीच्या ‘नॅशनल कॉल’ पत्रात उमेदवारी केली. मग पुन्हा अलीगढला जाऊन कायद्याची पदवी घेतली, आणि ती घेता घेता ‘अलीगढ ओपिनियन’ नावाचे विद्यार्थ्यांचे साप्ताहिक काढले. वकिलीची सनद मिळण्याजोगी होती, पण गाडी मुंबईची पकडली. ‘क्रॉनिकल’मध्ये बातमीदारी, उपसंपादन, सिनेमाची परीक्षणे, मिळेल ते केले. तेथे सुरू झालेले त्यांचे ‘लास्ट पेज’ हे सदर १९४७ पासून ‘ब्लिट्झ’मध्ये आले आणि १९८७ मध्ये त्यांचे डोळे मिटेपर्यंत चालू राहिले. सिनेमावाले अब्बास सगळ्यांना माहीत असतात. राज कपूरला त्यांनी कथा दिल्या हे आमची मुले सांगतात. पण दर आठवड्याला न चुकता मजकूर देणारा जो अब्बास होता, तो तयार झाला उपसंपादकाच्या टेबलावर.

उर्दूच्या बाजूनेही मुंबईत याच सुमारास, १९३८ मध्ये, अब्दुल हमीद अन्सारी यांनी ‘इन्किलाब’ सुरू केला. त्याने उर्दूत लिहिणाऱ्या कित्येकांना पगारी काम दिले. २०१० मध्ये तो ‘मिड-डे’बरोबर जागरण समूहाकडे गेला.

शिक्षणाची गोष्ट आम्ही अलीगढच्या बंद दारापाशी सोडली होती. ते दार बंद झाल्यावर दुसरे उघडले लाहोरला. १९४१ मध्ये पंजाब विद्यापीठात पी. पी. सिंग यांनी पत्रकारितेचा विभाग चालू केला. फाळणी झाली आणि हा विभागही निर्वासित झाला. दिल्लीत कॅम्प टाकून राहिला आणि १९६२ मध्ये चंदीगढला स्थिरावला. मद्रास, कलकत्ता, म्हैसूर यांनीही चाळीस-पन्नासच्या दशकांत वर्ग काढले. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत मान मिळतो नागपूरला. १९५२ मध्ये हिस्लॉप कॉलेजात अमेरिकेच्या सिराक्यूज विद्यापीठातून आलेले प्राध्यापक रोलंड वूल्सले यांनी पत्रकारिता विभाग उभा केला. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशात होते, हा भाग वेगळा. पुणे विद्यापीठाचा विभाग १९६४ मध्ये रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आला, दिल्लीची भारतीय जनसंचार संस्था १९६५ मध्ये.

याच दरम्यान दुसरी एक गोष्ट घडली, आणि आमच्या मते ती अभ्यासक्रमांहून मोठी होती. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या प्रेस कमिशनने १९५४ मध्ये अहवाल दिला आणि १९५५ मध्ये श्रमिक पत्रकारांचा कायदा झाला. कामाचे तास, रजा, ग्रॅच्युइटी, वेतनमंडळ ही भाषा पत्रकाराच्या वाट्याला पहिल्यांदा आली. फकिरी सोडून संसारी माणसाने हा पेशा करावा, असे देशाच्या कायद्याने सांगितले. महाराष्ट्रातल्या पांढरपेशा घरांनी ते लगेच ऐकले. आमच्यापर्यंत ती बातमी पोचलीच नाही.

का पोचली नाही, याचे उत्तर भाषेत आहे. मुंबईचे ब्रेलवी आणि अब्बास इंग्रजीत लिहीत. आझाद, हसरत उर्दूत. मराठीत कोण? १८३२ च्या ‘दर्पण’पासून मराठी पत्रसृष्टीचा इतिहास काढून बसले, तर संपादकीय खुर्च्यांवर आमची नावे शोधता शोधता डोळे दुखू लागतात. घरात दखनी किंवा कोकणी, मदरशात उर्दू, बाजारात मराठी, अशी आमची तीन तोंडे. मूल उर्दू शाळेत गेले तर मराठी दैनिकाचे दार बंद. मराठी शाळेत गेले तर बिरादरीच्या जलशात त्याच्या उर्दूला हसणारे तयार.

मराठी दैनिकाच्या कचेरीत नाव मिळवलेला आमच्यातला पहिला मोठा माणूस म्हणजे हमीद दलवाई. चिपळूणजवळच्या मिरजोळीचा, १९३२ चा जन्म. आचार्य अत्र्यांच्या ‘मराठा’त त्यांनी पत्रकार म्हणून काम केले. ‘इंधन’ कादंबरी १९६५ ची, सचिवालयावर सात स्त्रियांचा मोर्चा १९६६ चा, मुस्लिम सत्यशोधक मंडळ १९७० चे. त्यांच्या विचारांविषयी आमच्यात आजही दोन तट आहेत, आणि या पानांवर तो वाद अनेकदा होऊन गेला आहे. तो पुन्हा काढत नाही. पण त्यांच्या बाजूचे आणि विरोधातले, दोघेही एक गोष्ट विसरतात. दलवाईंचे म्हणणे महाराष्ट्रभर पोचले, कारण त्यांना मराठी गद्य बातमीदाराच्या हाताने लिहिता येत होते. त्यांना उत्तर देऊ पाहणाऱ्यांपाशी ते हत्यार नव्हते. उत्तरे उर्दूत निघाली, मोहल्ल्यात वाचली गेली आणि मोहल्ल्यातच राहिली.

१९९० मध्ये सोलापूरला मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्यानंतर आमच्या कविता आल्या, आत्मकथने आली, प्रा. फकरुद्दीन बेन्नूर यांच्यासारख्यांचे वैचारिक लेखन आले. वृत्तपत्रांत आमचे लेख येऊ लागले, विशेषतः ईदच्या आसपास. पण लेख पाठवणे वेगळे आणि लेख कुठल्या पानावर, किती कॉलम, कोणत्या मथळ्याखाली जाईल हे ठरवणे वेगळे. २००६ मध्ये अनिल चमडिया, जितेंद्र कुमार आणि योगेंद्र यादव यांनी दिल्लीतील ३७ माध्यमसंस्थांमधील निर्णय घेणाऱ्या ३१५ जणांची पाहणी केली. त्यांत मुस्लिम शंभरात जेमतेम तीन निघाले. दलित आणि आदिवासी एकही नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सच्चर समितीचा अहवाल आला. वीस वर्षांवरील मुस्लिमांत पदवीधर वा पदविकाधारक चार टक्क्यांहूनही कमी, असे त्यात होते. दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचावेत. सगळाच दोष संपादकांच्या मनातल्या अढीचा नाही. आमच्याकडून अर्ज करणारेच फार थोडे होते.

आणि त्याच २००६ च्या सप्टेंबरात मालेगावला, शब-ए-बरातच्या दिवशी, कबरस्तानाजवळ बॉम्बस्फोट झाले. मेलेले बहुतेक मुसलमान. पकडलेले नऊ तरुणही मुसलमान. पकडल्याच्या बातम्या कशा आल्या हे आपण विसरला नसाल. पोलिसांनी सांगितले ते ‘सूत्रांकडून समजते’ म्हणून छापले गेले. ‘आरोपी’ या शब्दाला दोन-तीन दिवसांत रजा मिळाली आणि त्याच्या जागी इतर शब्द आले. एप्रिल २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. ती बातमीही छापून आली. ती पहिल्या बातमीइतकी जागा घेऊन आली नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्या रात्री कचेरीत, मथळा लावणाऱ्या टेबलाशी, ‘अजून गुन्हा शाबीत व्हायचा आहे, आरोपीच लिहा’ एवढे म्हणणारा कुणी हवा होता. तो मुसलमानच असावा असे नाही. पण तो मोहल्ला ज्याने पाहिला आहे, त्याला हे म्हणणे सोपे गेले असते.

आमच्यातले काही म्हणतात, मग आपलाच अखबार काढू. काढावा; डॉ. आंबेडकरांनी १९२० मध्ये ‘मूकनायक’ काढला आणि शाहू महाराजांनी त्याला अडीच हजार रुपये दिले, हा दाखला सगळे देतात. पण बाबासाहेब तेवढ्यावर थांबले नव्हते. त्यांनी शिकलेली माणसे तयार केली. आमच्याकडे मासिके निघतात, संपादक तोच, मुद्रितशोधक तोच, टपालात टाकणाराही तोच. तिसऱ्या अंकानंतर दिवाळी अंक आणि मग सन्नाटा. प्रशिक्षित माणूस नसेल तर पर्चा टिकत नाही, आणि पत्रकार प्रशिक्षित होतो तो चालत्या दैनिकात.

पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांत वर्षानुवर्षे उमेदवार आले ते ओळखीतून. कुणाचा काका संपादक, कुणाचे गुरुजी स्तंभलेखक. आमच्या पोराचा काका बेकरीत असतो, नाहीतर ट्रकवर. त्यामुळे ‘पत्रकारिता शिकवून येत नाही’ असे जेव्हा मुरलेले पत्रकार तोऱ्यात म्हणतात, तेव्हा ते त्यांच्यापुरते खरे असते. आमच्या पोराला पदविकेचा कागद हवाच, कारण कचेरीच्या फाटकातून आत जाण्यासाठी त्याच्यापाशी दुसरे काही नाही.

हा कागद काय करू शकतो ते दिल्लीत दिसले. १९८२ मध्ये जामिया मिलियाचे कुलगुरू अन्वर जमाल किदवई यांनी तेथे जनसंचार केंद्र स्थापन केले, कॅनडाच्या यॉर्क विद्यापीठाच्या साहाय्याने. (शाहरुख खान येथला विद्यार्थी. त्याने अभ्यासक्रम अर्धा सोडला, म्हणून तो दाखला घरी देऊ नये.) याच केंद्रातून २००७ मध्ये दानिश सिद्दीकी बाहेर पडला. आधी टीव्हीची बातमीदारी, मग २०१० मध्ये ‘रॉयटर्स’मध्ये छायाचित्रकार म्हणून उमेदवारी, मुंबईतही त्याने काही वर्षे काम केले. रोहिंग्या निर्वासितांच्या छायाचित्रांसाठी २०१८ चे पुलित्झर त्याच्या चमूला मिळाले. १६ जुलै २०२१ रोजी अफगाणिस्तानात स्पिन बोल्दकजवळ, कामावर असताना, तो मारला गेला. पुढच्या वर्षी, कोविडकाळातील छायाचित्रांसाठी, सहकाऱ्यांबरोबर त्याचे नाव दुसऱ्यांदा पुलित्झरच्या यादीत आले.

इकडे मुंबई विद्यापीठाने २००० मध्ये बी.एम.एम. ही पदवी सुरू केली, म्हणजे बारावीनंतर थेट या विषयाकडे जाण्याची वाट झाली. तिचे नाव आता बदलले आहे, वाट तीच आहे. रानडेचा विभाग आहे, अमरावतीला भारतीय जनसंचार संस्थेचे केंद्र २०११ पासून आहे आणि तेथे मराठी पत्रकारिताही शिकवली जाऊ लागली. जामिया आणि हैदराबादचे मौलाना आझाद उर्दू विद्यापीठ काही मदरशांच्या सनदा प्रवेशासाठी मान्य करतात, हे मदरशातल्या मुलांना कुणीतरी सांगायला हवे. खाजगी संस्थांची फी मात्र डोळे पांढरे करणारी आहे; आणि फी जास्त म्हणजे नोकरी नक्की, हा हिशेब या धंद्यात चुकतो.

आमच्या मुलांपाशी एक भांडवल आहे, ज्याची त्यांना लाज वाटते. मालेगाव, भिवंडी, मुंब्रा, मिरज येथला पोरगा दखनीत बोलतो, उर्दू वाचतो, पंचनामा मराठीत समजून घेतो आणि हिंदीत प्रश्न विचारतो. पुण्याच्या वर्गात शेजारच्या बाकावर बसलेल्या मुलाला यातल्या दोन भाषा येत नसतात. फक्त मराठी लेखन पक्के करावे लागते, आणि त्यासाठी उर्दू माध्यमाच्या शाळांत आठवीपासूनच मराठीचा तास गंभीरपणे घ्यावा लागतो. आमच्या कित्येक शाळांत हा तास अजूनही रिकाम्या असलेल्या कुठल्याही मास्तरांना दिला जातो. प्रवेशपरीक्षांचे अर्ज बहुधा निकाल लागण्यापूर्वीच भरावे लागतात. मोहल्ल्यात चर्चा सुरू होते तोवर मुदत टळलेली असते.